सस्टेनेबल राहायचंय ना, मग आधी कचऱ्याची बादली काट्याला लटकवा

मागच्या दिवाळीत मला तीन ठिकाणांहून 'इको-फ्रेंडली' गिफ्ट आली. बांबूचे टूथब्रश, बांबूचे चमचे एका कापडी पिशवीत, आणि अजून एक नुसतीच कापडी पिशवी. घरात आधीच बावीस कापडी पिशव्या होत्या (खरंच मोजल्या, दारामागच्या हुकला लटकायच्या आणि मंडईत जाताना एकही आठवायची नाही). आणि हे सगळं आलं कशातून तर बबल रॅप आणि चार-चार थर चिकटपट्टीतून. तेव्हापासून डोक्यात होतं की यावर एकदा लिहायचंच, कारण सस्टेनेबल लाइफस्टाइल म्हटलं की लोक आधी काहीतरी विकत घ्यायला निघतात, आणि माझं तर उलटंच म्हणणं आहे की पहिले दोन महिने काहीच विकत घेऊ नका, घरात काय येतं आणि घरातून काय बाहेर जातं ते नुसतं बघा.

व्याख्या हवी असेल तर ती १९८७ ची आहे. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या एका आयोगाने (अध्यक्ष होत्या नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड) असं मांडलं की आजच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील. मी हे घरी वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे बियाणं दळून खाऊ नये, एवढंच ना?" त्या सांगलीकडच्या, शेतकरी घरातल्या. हो आई, एवढंच.

तर सुरुवात. एक ताणकाटा आणा, हुकवाला, गॅस सिलिंडरवाल्याकडे असतो तसाच पण छोटा, दोनेकशे रुपयांत मिळतो (हो, ही एक खरेदी चालेल, शेजाऱ्यांकडून आणला तर अजून बरं). आठवडाभर ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवून रोज रात्री वजन लिहा. आमच्या चार माणसांच्या घरात ओला कचरा रोज ८०० ग्रॅम ते एक किलो निघाला, आंब्याच्या दिवसात दोन किलोच्या पुढे. सुका जेमतेम दोनशे ग्रॅम, पण दिसायला डोंगर. मला तोवर वाटायचं आपला प्रॉब्लेम प्लास्टिक आहे. वजनाने बघितलं तर आमच्या बादलीत पाचातले चार वाटे भाजीची देठं आणि सालंच होती.

आणि ही देठं गरीब दिसतात पण तशी नाहीत. डेपोवर ती बाकी कचऱ्याखाली दाबली जातात, हवा लागत नाही, मग ती कुजताना मिथेन सोडतात आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट तापवतो. डेपोला आगी लागतात त्यातही हाच गॅस असतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला, तिथल्या लोकांच्या विहिरी नासल्या, त्यांनी गाड्या अडवल्या की आपण पेपरात 'कचराकोंडी' वाचायचो आणि वैतागायचो. मुंबईचं देवनार तर १९२७ पासून भरतंय. म्हणून माझ्या मते फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे ओला कचरा घरातच जिरवणे. बाकी सगळं नंतर.

आता कसं ते सांगते, आणि आधी कसं करू नये ते. मी एका ऑनलाइन दुकानातून साडेतीन हजाराचा तीन मजली डबा मागवला, सोबत 'जादुई' पावडर. पंधराव्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर आत पांढऱ्या अळ्यांची जत्रा, आणि वास असा की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, "काही मेलंय का गं?" आईंनी डबा गच्चीत नेऊन ठेवला आणि मला दोन दिवस नुसत्या बघत होत्या. दुकानाला मेल केला तर उत्तर आलं की अजून एक पावडरचं पाकीट घ्या.

चूक पावडरची नव्हतीच, माझी होती. कंपोस्ट म्हणजे ओलं आणि सुकं यांचा मेळ. भाजीच्या सालात नायट्रोजन आणि पाणी जास्त, वाळलेल्या पानांत कार्बन जास्त, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन लागतो नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट. मी नुसतं ओलंच टाकत होते, मग खाली पाणी साचलं, हवा बंद झाली, आणि डब्यात छोटासा देवनार तयार झाला.

आता माझ्याकडे रंगाच्या रिकाम्या दोन बादल्या आहेत, वीस लिटरच्या, रंगाऱ्याने फुकट दिलेल्या. तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने बाजूने वीसेक भोकं आणि तळाला सहा-सात. खाली जुनं ताट. तळाशी चार बोटं वाळलेला पालापाचोळा, त्यावर दिवसाचा ओला कचरा बारीक चिरून (आख्खा कोबीचा दांडा टाकलात तर तो तुमच्या लग्नाच्या वाढदिवसापर्यंत तसाच राहील), त्यावर लगेच तेवढाच किंवा दुप्पट पाला. रोज हेच. विरजण म्हणून पहिल्यांदा वाटीभर आंबट ताक शिंपडायचं किंवा कुणाकडचं तयार खत मूठभर, बास. तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करायचं म्हणजे हवा जाते. ओल बरोबर आहे का बघायला मूठभर घेऊन दाबा, पाणी ठिबकलं तर पाला वाढवा, भुगा उडाला तर पाणी शिंपडा, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं हाताला लागलं की जमलं. बादली भरली की झाकून बाजूला, दुसरी सुरू. साधारण ४५ ते ६० दिवसांत काळं, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारं खत होतं, थंडीत थोडं लांबतं.

अळ्या मात्र परत दिसतीलच. त्यातल्या बऱ्याच ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, त्या चावत नाहीत आणि कचरा भराभर खातात, पण स्वयंपाकघरात कुणाला बघवत नाहीत हेही खरं. पाला वाढवला, बादलीच्या तोंडावर सुती फडकं बांधलं की कमी होतात. तेलकट रस्सा, मटणाची हाडं, उरलेलं वरण असलं काही सुरुवातीला टाकू नका. आंब्याची कोय आणि नारळाची करवंटी वेगळी. लिंबू-मोसंबीची सालं थोडीच. अंड्याची टरफलं चुरून चालतात.

खरी अडचण पाल्याची असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावर पानांचा खच पडलेला असतो आणि सोसायटीत तो पेटवून देतात (असा कचरा जाळायला बंदी आहे, तरी), तेव्हाच तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत चार-पाच पोती भरून ठेवा, वर्ष निघतं. गुलमोहर, शिरीष, चिंच यांची बारीक पानं झटपट कुजतात. वड, आंबा, फणस यांची चामडी पानं चुरल्याशिवाय घेऊ नका. पाला नसेल तर कोकोपीट विकत मिळतं, नाहीतर सुताराकडचा भुसा, पण प्लायवूडचा नको, त्यात चिकटवायची केमिकलं असतात.

सुक्या कचऱ्यावर फार बोलत नाही, दोनच गोष्टी. एक, दुधाची पिशवी. ती रिसायकल होणाऱ्या प्लास्टिकची असते, भंगारवाला घेतो, पण आपण कोपरा कापून तो तुकडा वेगळा टाकतो आणि तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, थेट नाल्यात. कात्रीने पूर्ण कापू नका, कोपरा लटकत राहू दे. मग पिशवी विसळून ओट्याच्या टाइलवर चिकटवायची, सकाळपर्यंत वाळते. दोन, तुमचा कचरा शेवटी कुणीतरी माणूस हाताने वेगळा करतो. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, महापालिकेबरोबर २००८ पासून दारोदार काम करते, आणि सुका माल विकून आलेले पैसे त्या ताईंचे असतात. पिझ्झाच्या खोक्याला चीज चिकटलेलं किंवा पेपरवर आमटी सांडलेली असेल तर तो माल गेला. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळा द्या, उघडं पॅड हाताने उचलायला लागणं काय असतं ते एकदा विचारा त्यांना. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं मात्र भंगारवाला घेत नाही, त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ती कमी आणणं एवढाच उपाय. आमच्याकडे चिवडा घरी होतो, पण मुलाला 'ते हिरवं पाकीट'च हवं असतं, सगळ्या लढाया मी जिंकत नाही.

पिशव्यांचं राहिलंच. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, भाजीवाल्याकडे काळ्या पिशव्या तरी आहेतच. पण कापडी म्हणजे आपोआप चांगली असंही नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब केला होता की नुसत्या हवामानाच्या दृष्टीने सुती पिशवी पन्नासेक वेळा वापरली तर ती सुपरमार्केटच्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करते, पाणी-खतं वगैरे सगळं धरलं तर आकडा हजारांत जातो. (गटारं तुंबणं आणि गाईच्या पोटात जाणं यात धरलेलं नाही, त्यामुळे लगेच काळी पिशवी मागू नका.) मुद्दा एवढाच की आहेत त्याच झिजवा. आईंच्या जुन्या सहावारीच्या पिशव्या नऊ वर्षं चालल्यात, त्यात नवीन कापूस शून्य. माझ्या बावीसपैकी दोन स्कूटरच्या डिकीत, एक ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत, बाकी भाजीवाल्या मावशींना दिल्या, विसरलेल्या गिऱ्हाइकांसाठी.

आता वीज. इथे पैसे पण वाचतात म्हणून नवऱ्यांना यात इंटरेस्ट असतो. आपल्याकडे वीज अजून बरीचशी कोळशावर होते, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आधी बिल उलटून वाचा. महावितरणचे टप्पे आहेत, पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० चा दर एकदम वर, पुढे अजून वर. म्हणजे तुम्ही वाचवलेलं युनिट हे नेहमी सगळ्यात महागातलं, वरच्या टप्प्यातलं असतं. हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.

सगळे एसीला शिव्या देतात, पण आमच्याकडे खरा खादाड निघाला सिलिंग फॅन. जुना फॅन ७५ वॅटचा, रोज बारा तास, म्हणजे महिन्याला २७ युनिटं. असे चार. बीएलडीसी फॅन (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचा) तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो, महिन्याला ११ युनिटं. एका फॅनमागे सोळा युनिटांचा फरक, फॅन आला अडीच-तीन हजाराला, आमच्या हिशोबाने दीड वर्षात वसूल. पण चारही एकदम बदलू नका, चालू फॅन भंगारात घालणं हेही काही सस्टेनेबल नाही. जो रात्रंदिवस फिरतो तो आधी बदला (आमच्याकडे हॉलमधला), काढलेला जुना पाहुण्यांच्या खोलीत लावा, तिथे वर्षातून वीस दिवस फिरेल. एक सूचना, बीएलडीसी बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढायला सांगा, आमच्या इलेक्ट्रिशियनने नाही काढला आणि फॅन महिनाभर घुरघुरत होता.

गिझर दोन हजार वॅटचा, अर्धा तास म्हणजे एक युनिट. तो चालू ठेवून दात घासणे, चहा पिणे, पेपर वाचणे ही आमच्या घरची प्रथा होती. आता थर्मोस्टॅट ५० वर आणला, एकापाठोपाठ एक आंघोळी, आणि शेवटच्याने बटण बंद करायचं. भांडण होतं पण बिल उतरतं. एसीचं सांगायचं तर २४ वर ठेवा, वर फॅन लावा. ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणतं एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते. आणि गच्चीला पांढरा रंग मारता आला तर वरच्या मजल्यावाल्यांना एसीची गरजच कमी लागते. गच्ची स्वतःची असेल तर सोलर बघा, २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ, तीन किंवा जास्तला ७८ हजार अनुदान आहे. फ्लॅटवाल्यांसाठी त्याची भानगड वेगळी, शेवटी येते.

पाण्यात मला फक्त आरओबद्दल बोलायचंय. आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर सिंकमध्ये सोडतो. आणि कित्येक घरांना त्याची गरजच नाही. पाण्यातले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात बसतात, खडकवासल्याचं नळाचं पाणी त्याच्या कितीतरी खाली असतं. हे क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, पेनाएवढा, एकदा नळाखाली धरून बघा. आकडा कमी आला तर यूव्हीवाला (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) फिल्टर पुरतो. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, आरओ ठेवा, पण त्याची नळी बादलीत सोडा, लाद्या पुसायला, संडासात ओतायला. झाडांना रोज तेच घालू नका, क्षार साचून पानांच्या कडा जळतात, माझा मोगरा असाच गेला.

स्वयंपाकघरातलं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, फक्त विसरलोय. शिळ्या पोळीचा कुस्करा, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची पण तीळ घालून. उरलेलं वरण थालिपिठाच्या पिठात. हे सगळं ओल्या कचऱ्याच्या वजनात लगेच दिसतं, म्हणून तो काटा. गॅसचं, नवीन सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहा. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. छोले-राजमा रात्री भिजत घाला, डाळ अर्धा तास आधी, शिट्ट्या निम्म्यावर येतात. आमचा सिलिंडर ३४ दिवस जायचा तो आता ४१-४२ जातो. आणि आठवड्यातून दोनदा तरी भाताऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, भाताची खाचरं पाणी पितात आणि पाणी तुंबवलेलं असलं की तिथूनही मिथेन येतो. ज्यांना भाकरी थापता येत नाही त्यांनी लाजू नये, मी अजून पोळपाटावर लाटते, आई दुसरीकडे बघतात.

कपडे: कमी घ्या. झालं. जुन्यांचं काय करायचं तर सुती साड्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत, आणि बोहारीण अजून येते, दोन पँटी आणि एक साडी देऊन आईंनी परवाच स्टीलचा डबा पाडून घेतला. ते कपडे पुढे जुन्या बाजारात जाऊन कुणाच्या तरी अंगावर जातात.

गाडी: एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. सगळ्यात वाईट फेऱ्या छोट्या, कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला कार काढणं वगैरे, थंड इंजिन जास्त पितं. दोन किलोमीटरच्या आत पाय किंवा सायकल हा नियम आम्ही केला, पावसाळ्यात मोडतो. विमानाबद्दल मी गप्प बसते कारण आम्ही यंदा केरळला उडत गेलो.

राहिली सोसायटी. इथे माझा अनुभव असा की मीटिंगमध्ये 'पर्यावरण' हा शब्द काढलात की निम्मे लोक मोबाइल काढतात. 'मेंटेनन्स' म्हणा. पुणे महापालिका गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी जिरवणे यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, हे छापून नेलं तर चष्मे वर होतात. पहिल्याच मीटिंगला सोलर काढू नका, त्यात गच्ची कुणाची यावरून पंधरा वर्षांपूर्वीची भांडणं निघतात. जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या दिव्यांपासून सुरू करा, एलईडी आणि सेन्सर, खर्च कमी आणि कॉमन मीटरच्या बिलात पुढच्याच महिन्यात दिसतं. आम्ही आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही बिलं नोटीस बोर्डावर शेजारी-शेजारी लावली, एक अक्षर न लिहिता. पुढच्या मीटिंगला सेक्रेटरींनी आपणहून खतपिंपाचा विषय काढला. आता एवढंच अडलंय की ते पिंप कुणाच्या खिडकीखाली ठेवायचं. मी आमच्या खिडकीखाली ठेवा म्हटलंय, आईंना अजून सांगितलेलं नाही.